सलग पंधरा मिनिटं

त्याने पहिला शब्द काढला तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता, आणि तो शब्दही त्याच्या आईने अर्ध्यावरून पुरा केला. "पा... पा..." म्हणत पोर नळाकडे बोट करून उभं राहिलं आणि आईने पेला भरून त्याच्या तोंडाला लावला. त्याला पाणी हवं होतं की नळामागची पाल दाखवायची होती, हे कोणी विचारलं नाही. पोर मुकाट्याने पाणी प्यालं. पुढची तेहेतीस वर्षं समोर येईल ते तो असाच मुकाट्याने पीत आला.

आईला यात आपलं काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. समोरच्याने तीन आकडे उच्चारले की उरलेले ओळखून खटकन जोडणी करणारी बाई तिथे हुशार समजली जायची, आणि ती सगळ्यांत हुशार होती. घरी एकुलता एक मुलगा, बाप लवकर गेलेला, आणि मुलाची जीभ प्रत्येक वाक्यात दोनदा तरी ठेचकाळणारी. अशा वेळी आईने हात द्यायचा नाही तर कोणी? वर्ग त्याला फिदीफिदी हसला की दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर. "त्याला येतं हो सगळं, फक्त बाहेर निघत नाही," असं ती मास्तरांना सांगायची, पोराच्या देखत, त्याच्या डोक्यावर हात ठेवून. पोर मान खाली घालायचं. ती समजायची, लाजतोय.

मोठा होऊन तो लिफ्टचा मेकॅनिक झाला. काम त्याच्या पथ्यावर पडलं. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, दाराकडे बघत उभी राहतात. आणि शाफ्टमध्ये तर माणूसच नसतो, नुसती ग्रीस, तारा आणि वारा. बिघाड काय आहे हे तो कागदावर लिहून द्यायचा. अक्षर सुंदर होतं. लग्नाचं जमलं नाही, कारण जिथे जिथे बोलणी झाली तिथे तिथे आईच बोलली, आणि शेवटी एका मुलीने विचारलं, "मला नक्की कोणाशी लग्न करायचंय?"

रेडिओचा नाद त्याला बत्तिसाव्या वर्षी लागला. हौशी रेडिओवाल्यांची एक सरकारी परीक्षा असते. ती पास झाली की परवाना मिळतो, स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं सांकेतिक नाव, मिळतं आणि हातातल्या सेटवरून गावभरच्या परवानेधारकांशी बोलता येतं. परीक्षेत मोर्सची कट्-कड-कट् होती. त्यात तो पहिला आला. बोटांना अडखळणं माहीतच नव्हतं. पण गावातला गट बोलायचा तोंडाने, रोज संध्याकाळी थोडा वेळ आणि दर रविवारी सकाळी साडेसातला सगळे मिळून. एक दंतवैद्य या मंडळाचा सूत्रधार होता. सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. तो एकेकाला पुकारायचा, प्रत्येकाने आपलं कॉलसाइन सांगायचं, आठवड्याची एखादी खबर द्यायची, आणि मग डॉक्टर सिग्नल कसा येतोय ते सांगणार. या लिफ्टवाल्याच्या कॉलसाइनची शेवटची तीन अक्षरं वैऱ्याने निवडल्यासारखी होती: टी, के, पी; रेडिओवर ती म्हणायची टँगो, किलो, पापा. पहिल्या रविवारी ती तीन अक्षरं पार करायला त्याला पाऊण मिनिट लागलं.

आता या लोकांचा एक रिवाज आहे. हवेत, म्हणजे रेडिओवर, माणसाबद्दल बोलायचं नाही, सिग्नलबद्दल बोलायचं. आवाज घोगरा असो, माणूस मूर्ख असो, उत्तर एकच: सिग्नल इतका इतका येतोय. डॉक्टर तसा सभ्य माणूस. त्या पाऊण मिनिटाने तो अवघडला आणि म्हणाला, "स्टेशन, तुमचा आवाज मध्ये मध्ये गायब होतोय. पॉवर कमी पडतेय तुमची. पुढचं स्टेशन."

पहिल्यांदा ही दया होती. महिन्याभरात तिचा विनोद झाला. गटात एक केबलवाला होता, घरोघरी टीव्हीची केबल जोडणारा, जिभेला हाड नसलेला. त्याने याचं नाव पाडलं 'मोर्स'. "मोर्स, आज नुसते डॉट आले, डॅश कुठे सांडले?" असं तो विचारायचा. मग सगळे एकेक करून चिंता व्यक्त करायचे: पॉवर वाढवा, अँटेना बघा, केबल बदला. मध्येच शब्द अडला की त्या फटीत कोणीतरी बटण दाबून घुसायचा, आणि त्याचं उरलेलं वाक्य राहायचं त्याच्याच तोंडात.

यातलं आईला फार ठाऊक नव्हतं. ती आता निवृत्त झाली होती. रविवारी सकाळी आतल्या खोलीतून मुलाचा आवाज येतो, चार माणसं त्याच्याशी बोलतात, एवढ्यावर ती खूश होती.

दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावरची एक म्हातारी लिफ्टमध्ये अडकली. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. हा गेला आणि पाच तासांनी, अंगभर ग्रीस घेऊन, घरी आला. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आई, ती बा... बाई... ती..."

"सुटली ना?" आई म्हणाली. "झालं तर मग. हात धुऊन घे, ताट वाढते."

त्याने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी तिने, उरलेलं आपणच ओळखून, जिन्यात शेजारणीला सांगितलं, "तासन्‌तास लिफ्टच्या छपरावर पालथा पडून राहिला. म्हातारीला धीर देत होता. माझा म्हणून सांगत नाही, पण दुसरा असता तर पळाला असता." शेजारणीने खालच्यांना सांगितलं. आठवडाभर जिन्यात भेटेल तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता, आणि प्रत्येक थापेला तो तोंड उघडून पुन्हा मिटत होता.

तेव्हापासून त्याला ती गोष्ट सांगायची होती. आईला सांगायचा प्रयत्न त्याने दोनदा केला. दोन्ही वेळा आईने शेवट करून टाकला. मग यंदा त्याने रविवार धरला. "आमच्या लि... लिफ्ट..." एवढं झालं की डॉक्टर म्हणायचा, "पॉवर कमी पडतेय," आणि केबलवाला म्हणायचा, "मोर्स, कितव्या मजल्यावर अडकलास?" असे अकरा रविवार गेले.

बाराव्या रविवारी दुपारी त्याने जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकं पसरली. सेटला जोडायचे ॲम्प्लिफायर. हातातला सेट पाच वॅटचा. त्याची तार या डब्यात घालायची, डब्यातून अँटेनाकडे, की पाच वॅटचे पन्नास, ऐंशी, शंभरावर होतात.

"म्हणजे आवाज मोठा होणार," आई म्हणाली.

"सि... सिग्नल."

"तेच ते. आणि त्यांचा आवाज पण मोठा येईल?"

त्याने मान हलवली. नाही. डबा फक्त तोंड मोठं करतो, कान आहेत तेवढेच राहतात.

गटाला सुगावा लागला तसा सगळ्यांच्या सल्ल्यांचा पूर आला. संध्याकाळी हवेत जणू लग्नघर उघडलं. एक म्हणाला एकशे सत्तर वॅटचाच घे, त्याखाली हात घालू नकोस. दुसरा म्हणाला आधी बघ, तुझ्या पाच वॅटवर डबा पुरता चालतो का. काहींना आत पंचवीस द्यावे लागतात, तिथे तुझे पाच म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. आणि उलट, कमी वॅट मागणाऱ्या डब्यात जास्त घातलेस तर आतला ट्रान्झिस्टर भाजून निघेल. वीजपुरवठा दणकट हवा, तारा जाड हव्यात, गच्चीवरच्या अँटेनाला ताकद सोसली पाहिजे. सल्ले सगळे खरे होते. देणारे हसत होते, एवढंच.

हे आईला कळलं एका मंगळवारी. मुलगा कामावर होता. त्याचा जुना सेट स्वयंपाकघरात फळीवर असायचा, सिग्नल कसा जातो ते तिने ऐकून सांगावं म्हणून त्याने ठेवलेला. तिने तो सहज लावला. डॉक्टर आणि केबलवाला बोलत होते.

"डॉक्टर, पुरे करा आता. बिचारा खरंच विकत घेणार आहे."

"घेऊ दे की. माझ्याकडे त्याचा सिग्नल पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेला आहे. काटा पार शेवटाला टेकतो."

"मग ऐंशी वॅटवर काय होणार?"

"तोतरेपणा गावाच्या वेशीपर्यंत पोचणार, दुसरं काय."

दोघंही हसले. आईने सेट बंद केला. तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मुलाला सांगावं तर त्याचं मन मोडणार, न सांगावं तर त्याचं हसं होणार. तिने नेहमीचा मार्ग धरला: आपणच काहीतरी करायचं. सगळ्यांत मोठा डबा आला तर निदान 'पॉवर कमी' म्हणायची कोणाची छाती होणार नाही, असं तिने ठरवलं, आणि शनिवारी ती त्याच्याबरोबर दुकानात गेली.

दुकान म्हणजे एका गल्लीतली खोली. टॅक्सीवाल्यांचे, पहारेकऱ्यांचे वायरलेस सेट दुरुस्त करणारा एक मनुष्य तिथे भिंगातून बघत बसायचा.

"किती वॅट?" त्याने विचारलं.

"त्याला लांबवर ऐकू जायला हवं," आई म्हणाली. "मोठ्यात मोठा दाखवा."

दुकानदाराने एक चकचकीत डबा पुढे ठेवला. "एकशे सत्तर. वजनाला हलका, दिसायला देखणा."

"हाच द्या."

मुलाने काउंटरवरची पेन्सिल उचलली आणि बिलबुकाच्या पाठीवर, त्या सुंदर अक्षरात, लिहिलं: सलग किती वेळ?

दुकानदाराने भिंग काढलं. "सलग? हा दोन मिनिटं बोलायचा आणि चार मिनिटं गप्प बसायचा. तापतो. तसंही रेडिओवर दोन मिनिटांच्या वर कोण बोलतं?"

पेन्सिल पुन्हा चालली: पंधरा मिनिटं.

"भाषण करणार आहेस का?"

"त्याला सवय आहे हो सगळं नीट विचारून घ्यायची," आई म्हणाली.

दुकानदार आत गेला आणि एक ओबडधोबड लोखंडी विटेसारखी वस्तू घेऊन आला. दोन्ही बाजूंना जाड पात्यांच्या रांगा, उष्णता बाहेर काढायला. "हा टॅक्सीच्या ऑफिसातला. ऐंशीच वॅट. पण दिवसभर बडबड करणाऱ्यांसाठी बनवलाय. आत पाच वॅट दे, पंधरा मिनिटं बटण दाबून धर, फार तर हात भाजेल."

"अरे, निम्मासुद्धा नाही त्याच्या," आई कुजबुजली. "लोक काय म्हणतील?"

त्याने तीच वीट उचलली. आईने एखादी गोष्ट ठरवल्यावर त्याने दुसरी उचलावी, असं कधी झालं नव्हतं. तिला ते लागलं. परतीच्या वाटेवर ती सबंध रस्ताभर बोलली नाही, आणि त्यानेही ती शांतता भरून काढली नाही.

संध्याकाळी बातमी फुटली. "मोर्सने ऐंशीचा घेतला," केबलवाला म्हणाला. "तोंड बघून घेतला वाटतं."

रविवारी सकाळी सातला तो टेबलाशी बसला. लाल-काळ्या जाड तारा जोडल्या, गच्चीच्या केबलचं टोक घट्ट पिळलं. तीन मिनिटांच्या वर बोलणं लांबलं की सेट आपोआप तोंड बंद करतो; ती सोय त्याने खोदून काढून बंद केली. आई दारात उभी होती, हातात फडकं.

"बस जरा, ऐक माझं," ती शेवटी म्हणाली. "नको बोलूस आज. त्यांना तू पहिल्यापासून नीट ऐकू जातोस. पॉवरबिवर काही कमी नव्हती. थट्टा करत होते मेले."

"मा... माहीत आहे."

"माहीत आहे? मग हे घेतलंस कशाला?"

त्याने समजावून सांगितलं. बराच वेळ लागला. दोनदा तिने मध्ये शब्द पुरवला, दोन्ही वेळा चुकीचा, आणि तो मागे जाऊन पुन्हा सुरू झाला. सांगणं असं होतं: या रेडिओवर दोघं एकाच वेळी बोलले तर दोघांचे आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. ज्याचा सिग्नल भारी तोच ऐकू येतो, दुसरा जागच्या जागी पुसला जातो. त्याचे पाच वॅट होते तोवर कोणीही बटण दाबलं की तो पुसला जायचा. डॉक्टरकडे पन्नास वॅट होते, केबलवाल्याकडे पंचवीस. आता डॉक्टरच्या अगदी भिंतीला भिंत लावून राहणारे सोडले, तर गावात कोणाच्याच सेटवर त्याला कोणी पुसू शकणार नव्हतं. सलग पंधरा मिनिटं.

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा त्याच्याकडे जरा भीतीने पाहिलं.

साडेसात वाजले. डॉक्टरने पुकारलं. नवा डबा आलाय म्हटल्यावर सगळेच टपून होते. त्याचा नंबर आला. त्याने बटण दाबलं, विटेवरचा हिरवा दिवा लाल झाला.

टँगो, किलो, पापा. पाऊण मिनिट. नेहमी या जागी कोणीतरी घुसायचं. आजही घुसलं असेल. ते त्यांचं त्यांना ठाऊक. लाल दिवा लाल राहिला.

मग त्याने लिफ्टचं सांगितलं. एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत. लिफ्ट घसरू नये म्हणून असतात ते जबडे रुळांना घट्ट चावून बसले होते. हाताने वर ओढणं एकट्याचं काम नव्हतं, साखळी घेऊन दुसरा मेकॅनिक येईपर्यंत थांबणं भाग होतं. जुनी लिफ्ट, छपराला दार नाही, फक्त पंख्याची जाळी. तो जाळीशी पालथा पडला. आत अंधार होता. म्हातारी म्हणाली, बोलत राहा, आवाज येत राहिला की बरं वाटतं. म्हणून तो बोलायला लागला. काहीही. ग्रीसबद्दल, तारांबद्दल, शाळेबद्दल. ती मध्ये बोलत नव्हती, फक्त "हं" म्हणायची. कसली घाई नव्हती तिला. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की जीभ अडत नाहीये. एकही शब्द अडत नाहीये.

"दी... दीड तासाने," तो सेटमध्ये म्हणाला, "हं यायचं थांबलं. मी बो... बोलत राहिलो. अजून दीड तास."

आई हातातल्या फडक्याने दाराची कोरडी चौकट पुसायला लागली.

लिफ्ट वर घेतली तेव्हा म्हातारी कोपऱ्यात बसलेली होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव जाऊन तासाहून जास्त वेळ झाला. कागदावर हृदय बंद पडलं असं आलं. कंपनीने सांगितलं, विषय वाढवू नका. लोकांनी पाठीवर थापा मारल्या. "ती सु... सुटली नाही," तो म्हणाला. "ए... एवढंच सांगायचं होतं."

बटण सोडलं. अकरा मिनिटं झाली होती. लोखंडी पात्यांवरून हवा थरथरत होती. सेटमधून नुसती खरखर येत होती, आणि ती बराच वेळ येत राहिली. तो सेटकडे बघत बसला होता. कोणीतरी काहीतरी म्हणेल, शिव्या देईल, विचारेल.

"स्टेशन," डॉक्टरचा आवाज आला. घसा साफ केल्यासारखा. "तुमचा सिग्नल एकदम स्वच्छ येतोय. कुठेही कमी नाही. पुढचं स्टेशन."

पुढचं स्टेशन केबलवाल्याचं होतं. त्याच्या अँटेनावर कावळ्याने घरटं बांधलं होतं, लोखंडी तारेचं, त्यामुळे सगळीच गडबड उडाली होती. तो रंगवून सांगायला लागला.

आई पुढे आली आणि तिने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला कुठे कळणार होतं रे," ती म्हणाली. "अंधारात. तुला वाटलं असेल, डोळा लागला तिचा."

त्याने तिचा हात खांद्यावरून उचलून टेबलावर ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "मला कळलं होतं. उठून खाली ओरडायला हवं होतं, डॉक्टर आणा म्हणून. पण इतकं छान बोलता येत होतं, आई."

सेटमध्ये कोणीतरी कावळ्यावरून विनोद केला. सगळे हसले, आणि केबलवाला पुढचं सांगू लागला. त्याला कोणी मध्ये अडवलं नाही.